जुन्या पिनबॉल यंत्राची रंगरंगोटी : घासण्याआधी नोंद हवी

'विंडोज एक्सपी'सोबत येणाऱ्या संगणकीय खेळामुळे पिनबॉल हे नाव भारतातील अनेकांना परिचित झाले. मूळ पिनबॉल म्हणजे मात्र चार पायांवर उभी असलेली, नाणे टाकून चालणारी लाकडी पेटी होय. तिच्यातील काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी धावते आणि खेळाडू बाजूची बटणे दाबून 'फ्लिपर'च्या साह्याने ती परतवतो. अमेरिकेतील शिकागो हे या उद्योगाचे माहेरघर. गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स या प्रमुख कंपन्या तेथीलच. विजेवर चालणारे फ्लिपर १९४७ मध्ये गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात प्रथम आले. १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉलचे उत्पादन थांबविले, तरी जुन्या यंत्रांचे संग्राहक आजही ती जतन करतात. या जतनकार्यात सर्वाधिक वादाचा विषय ठरतो तो बाहेरील पेटीचा, म्हणजेच 'कॅबिनेट'चा रंग.

मूळ रंगकाम कसे होते?

१९५० ते १९७० च्या दशकांतील पेट्या मुख्यत्वे प्लायवूडच्या असत. त्यांवर आधी पांढरा, मलई किंवा तत्सम फिका रंग दिला जाई. काही यंत्रांवर त्यासोबत बारीक शिंतोडे किंवा जाळीसारखे धागे उडविलेले असत. चित्रासाठी स्टेन्सिल धरून दोन-तीन भडक रंग फवारले जात. काम कारखान्याच्या वेगाने चाले. त्यामुळे स्टेन्सिलखाली रंग थोडा पसरे आणि चित्राच्या कडा धूसर राहत. पुढील काळात छापील चित्रे आणि चिकटचित्रे वापरात आल्यावर ही पद्धत मागे पडली.

पहिले काम नोंदीचे

दारूचे गुत्ते आणि करमणूक केंद्रे यांत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या पेट्यांवर ओरखडे, डाग आणि ओल यांच्या खुणा असतात. ते पाहून लगेच पॉलिशपेपर हाती घेण्याचा मोह होतो. परंतु जुना रंग हाच त्या चित्राचा अनेकदा एकमेव पुरावा असतो. तो एकदा घासला गेला की परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक बाजूचे मोजपट्टी ठेवून सरळ छायाचित्र घ्यावे आणि पारदर्शक कागद लावून चित्राच्या बाह्यरेषा उतरवून घ्याव्यात. एक बाजू खराब झाली असल्यास दुसरीवरील चित्राचा आधार घेता येतो. मात्र ते उलटे आहे का, हे आधी तपासावे.

मूळ छटा उघड्या भागावर शोधू नये, कारण उजेडाने रंग फिका पडतो. बाजूच्या धातूच्या पट्ट्या, नाण्याच्या दाराची चौकट आणि पायांचे जोड काढल्यावर त्यांखाली खरा रंग सापडू शकतो. रंगाच्या दुकानात तोच नमुना न्यावा.

शिशाचा धोका

अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. चाचणीपूर्वी रंग घासू नये. शिसे आढळल्यास कोरडे घासणे टाळावे, योग्य मुखवटा वापरावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

दुरुस्ती आणि रंग

वीजजोड तोडून वरचा दिव्यांचा भाग, काच, खेळाची फळी, आतील यंत्रणा आणि पाय काढून ठेवावेत. कोणती तार कोठे होती, याची छायाचित्रे घ्यावीत. प्लायवूडचे सुटलेले थर गोंद घालून क्लॅम्पने दाबावेत. कोपऱ्यांतील टवके लांबी भरून सरळ करावेत. नंतर जाड्यापासून बारीक पॉलिशपेपरपर्यंत क्रमाने घासून प्रायमर द्यावा.

फिक्या रंगाचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळू द्यावा. शिंतोडे मूळ चित्राच्या वर होते की खाली, हे नोंदीवरून पाहूनच ते उडवावेत; आधी पुठ्ठ्यावर सराव केलेला बरा. त्यानंतर एकेका रंगासाठी स्वतंत्र स्टेन्सिल वापरावे. चिकट स्टेन्सिलने रेषा सुरीसारखी स्वच्छ येते. परंतु जुन्या यंत्राचे ते रूप नव्हे. मूळ धूसरपणा हवा असल्यास स्टेन्सिल पृष्ठभागापासून किंचित उचलून फवारावे. वरून मोटारीसारखी चकाकी देणेही जाणकारांना रुचत नाही.

रंगवावे की नाही?

हा प्रश्न शेवटी नव्हे, तर सर्वांत आधी विचारावयास हवा. चित्र ओळखू येत असेल आणि लाकूड भक्कम असेल, तर हलकी स्वच्छता आणि टवक्यांपुरती डागडुजी पुरेशी ठरते. मूळ रंग टिकलेले यंत्र अनेक संग्राहक नव्याने रंगविलेल्या यंत्रापेक्षा अधिक मोलाचे मानतात. पेटी कुजली असेल किंवा कोणी पूर्वीच वेगळा रंग फासला असेल, तेव्हा मात्र पुन्हा रंगविणे योग्य होय. अशा वेळी छायाचित्रे, उतरविलेल्या बाह्यरेषा आणि रंगांचे नमुने यंत्रासोबतच जपून ठेवावेत. पुढील मालकाला मूळ कोणते आणि नवे कोणते, हे त्यांवरूनच कळेल.