चार मिलिमीटर पुट्टी: होडीचा साचा आणि इतिहासाचा पुरावा

पीएचडीच्या तयारीत असलेले विद्यार्थी मला हमखास विचारतात, "इतिहासाचं प्राथमिक साधन म्हणजे कागदपत्रंच का?" नाही. वस्तूसुद्धा साधन असते. पण वस्तू वाचताना माणूस किती सहज चुकतो, हे मला एका होडीची प्रतिकृती बनवताना कळलं. ती चूक आज तुम्हाला सांगते, म्हणजे तुमची वाचेल.

आगरदांडा हे गाव मुरूडच्या दक्षिणेला, राजपुरीच्या खाडीवर आहे. समोर दिघी. मधे गाड्यांसकट माणसं नेणारी फेरीबोट चालते. खाडीच्या तोंडाशी जंजिरा. जुन्या कागदांत हा सगळा परिसर 'दंडा-राजपुरी' म्हणून भेटतो. मराठे आणि सिद्दी यांची आरमारं इथे वर्षानुवर्षं झुंजली, आणि सिद्दींचं संस्थान थेट १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. लढाया, तह, तोफा यांवर वाचायला पुष्कळ मिळतं. पण इथल्या होडीचं पोट कसं होतं, नाळ किती झुकलेली होती, असं विचारलं की कागद गप्प बसतात. कारण साधं आहे: होडी बांधणारा सुतार कागदावर आराखडा काढतच नसे. दोरी, फळी आणि डोळा यांवर त्याचं काम चाले.

याच्या उलट उदाहरण बघा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज बांधलं. त्याचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात ते जहाज अमेरिकनांनी ब्राझीलजवळ पकडलं आणि आराखडे गेले. मग दुसरी प्रत मागवावी लागली. म्हणजे तिथे आकार कागदात राहत होता. मचव्याचा आकार मात्र सुताराच्या हातात राहत होता. कागद हरवला तर नवा मागवता येतो, हात गेला तर काय मागवणार?

फ्रेंच नौदलातले अधिकारी फ्रांस्वा-एदमों पारीस यांना ही अडचण फार लवकर जाणवली. १८४० च्या दशकात त्यांनी युरोपबाहेरच्या जहाजबांधणीवर मोठा ग्रंथ छापला. त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या नावांचेही मोजून काढलेले आराखडे आहेत. १८७१ मध्ये ते पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचे प्रमुख झाले, आणि त्या आराखड्यांवरून त्यांनी प्रतिकृती करून घेतल्या. प्रतिकृती हे शोभेचं खेळणं नसून नोंद ठेवायची पद्धत आहे, हे तेव्हापासूनचं आहे.

मीही तेच करायला गेले, फक्त फायबरमध्ये. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन यांची होडी अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये केली. आज आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या कितीतरी होड्या याच पद्धतीने साच्यातून निघतात. छोट्या प्रतिकृतीची रीतही तीच असते.

खाडीकाठी चिखलात ओढून ठेवलेला एक जुना, साधारण १२ मीटरचा मचवा मी मोजला. दोरी ताणली, ओळंबा सोडला आणि दर ६० सेंटिमीटरला एक छेद कागदावर उतरवला. प्रमाण १:२० धरलं, म्हणजे प्रतिकृती ६० सेंटिमीटरची झाली. प्लायवुडचे छेद कापून ओळीने उभे केले, त्यांवर लाकडी पट्ट्या चिकटवल्या, वर पुट्टी भरली आणि घासून गुळगुळीत केलं. याला 'प्लग' म्हणतात: होडीच्या बाहेरच्या आकाराचा भरीव नमुना. त्यावर मेणाचे थर चढवायचे, मग जेलकोट, मग रेझिनमध्ये भिजवलेली काचेची मॅट. हे वाळून सुटलं की साचा मिळतो. पठाण खोल असल्यामुळे साचा मधोमध दोन भागांत करावा लागतो, नाहीतर होडी आत अडकते. मग साच्याच्या आतून पुन्हा तेच थर द्यायचे, की कवच तयार.

माझं कवच सुंदर निघालं. ते घेऊन मी गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी ते उलटं धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, पठाण सरळ कुणी केला?"

मीच केला होता! मोजताना पठाण मधोमध सुमारे ८ सेंटिमीटर वर उचललेला आला होता. लाकडी होडी म्हातारी झाली की तिची दोन्ही टोकं खाली वाकतात आणि पाठ वर येते, हे मी वाचलेलं होतं. म्हणून ती बाक म्हातारपणाची समजून मी प्लगमध्ये 'दुरुस्त' केली. प्रमाणात ती फक्त ४ मिलिमीटर होती. पुट्टीचा एक हात.

काका म्हणाले, "आमच्यात पठाण असाच धरतात. बापानेपण असाच धरला."

घरी येऊन पुन्हा वाचायला बसले. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत मुंबई किनाऱ्यावरच्या फतेमारीची ओळखच मुळी वर उचललेला पठाण आणि लांब झुकलेली नाळ अशी दिलेली आहे. हे मी आधीही वाचलं होतं, पण मोजमापाशी जोडलं नव्हतं.

मग खरं काय? इथे घाई करू नका. काकांचं म्हणणं ही साक्ष आहे, जुनं वर्णन दुसऱ्या जातीच्या नावेचं आहे, आणि मचवा खरंच म्हातारा होता. मी परत जाऊन सांधे पाहिले. पाठ वयाने उचलली असेल तर वरच्या फळ्यांवर ताण येतो आणि तिथले सांधे उघडतात. ते थोडे उघडले होते, पण ८ सेंटिमीटरच्या बाकीला शोभतील इतके नाहीत. माझा निष्कर्ष असा: बाक बहुतांशी बांधणीतली, काही वयाची. त्यापलीकडे ती होडी मला काही सांगत नाही.

तुमच्यासाठी यात तीन गोष्टी आहेत. पहिली, मोजलेलं आणि सुधारलेलं यांच्या वह्या वेगळ्या ठेवा. माझ्याकडे मूळ छेद होते म्हणूनच दुसरा प्लग करता आला. दुसरी, साच्यातून दहा कवचं काढली तर दहाही तशीच चुकलेली निघतात. संदर्भग्रंथांतली चूकही अशीच पिढ्यान्‌पिढ्या उतरते, म्हणून मूळ साधनापर्यंत जा. तिसरी, काम पूर्ण व्हायच्या आधी जाणकाराला दाखवा. मी प्लग असतानाच काकांकडे गेले असते तर साचा वाया गेला नसता.

आणि जरा लवकर जा. जुना मचवा मोडला की त्याचं लाकूड चुलीत जातं. फायबरचा साचा आकार जपून ठेवतो, पण तो आकार तसा का धरला हे त्याला विचारता येत नाही. ते सांगणारी माणसं अजून खाडीकाठी बसलेली आहेत. सरळ पठाणाचं ते पहिलं कवच मी टाकलेलं नाही. टेबलावर, बाकदार कवचाच्या शेजारी ठेवलं आहे.