जबड्यातला परका धातू

लिंबात जस्ताची आणि तांब्याची पट्टी खोचून विद्युतप्रवाह दाखवण्याचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी वर्गात केला असेल. हाच प्रयोग रुग्णांच्या हाडांत कोणाच्या ध्यानीमनी नसताना कित्येक वर्षे चालू होता, असे आम्ही म्हटले तर?

मोडलेले हाड जोडायला किंवा जबड्यातले खिंडार सांधायला विसाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या तारा आणि पोलादी पट्ट्या वापरत. पण बऱ्याचदा काही महिन्यांत स्क्रू ढिले पडत, भोवतालचे हाड झिजे. दोष बहुधा जंतूंच्या माथी मारला जाई.

अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ येथील वेनेबल, स्टक आणि बीच यांना वेगळी शंका आली. त्यांनी कुत्र्यांच्या हाडांत निरनिराळ्या धातूंचे स्क्रू बसवून काय होते ते पाहिले आणि १९३७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीरातला द्रव म्हणजे खारे पाणीच. त्यात दोन भिन्न धातू आले की विद्युतघट तयार होतो. अधिक क्रियाशील धातू विरघळतो आणि त्याचे आयन आजूबाजूच्या हाडाला बाधतात. पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्याचे, एवढेही पुरे!

या परीक्षेत ‘व्हिटॅलियम’ हे मिश्रधातू शांत राहिले. त्यात सुमारे ६५ टक्के कोबाल्ट, ३० टक्के क्रोमियम आणि उरलेले मुख्यतः मॉलिब्डेनम. गंमत अशी, की ते मुळात कवळीच्या सांगाड्यासाठी दंतवैद्यकात आलेले होते. तोंडातून ते हाडांच्या शस्त्रक्रियेत गेले आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या स्ट्रॉक यांनी त्याचेच स्क्रू दाताच्या जागी थेट जबड्याच्या हाडात बसवले. त्याच्या शांतपणाचे कारण पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. ओरखडा पडला तरी तो पुन्हा आपोआप तयार होतो.

टायटॅनियमचेही असेच. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत त्याचे खनिज, इल्मेनाइट, असते. मुलांना ती जरूर दाखवावी.) १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रेनेमार्क यांनी हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशाच्या पायात टायटॅनियमची नळकांडी बसवली होती. प्रयोगानंतर ती निघेचनात. हाड त्यांना घट्ट बिलगले होते. दुसरा एखादा उपकरण वाया गेले म्हणून चरफडला असता. यांनी १९६५ साली जन्मतः जबड्यात दोष असलेल्या एका रुग्णाला टायटॅनियमचे खुंट बसवले. हे टायटॅनियम जवळजवळ शुद्ध होते; अधिक बळकटीसाठी त्यात ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेले मिश्रधातूही वापरतात.

मग अर्बुदामुळे जबड्याचा मोठा तुकडा काढावा लागला, तर जागा नुसत्या धातूने का भरू नये? टायटॅनियमचे मिश्रधातू हाडापेक्षा पाचसहा पट तरी ताठ असते, व्हिटॅलियम त्याहूनही ताठ. चावण्याचा भार धातूच पेलतो आणि भार न मिळालेले हाड विरळ होत जाते. उलट धातूची पट्टी न थकता वाकू शकत नाही. जेवताना रोज हजारदा ताण पडून ती कधी तुटते, कधी कातडीतून बाहेर डोकावते. म्हणून १९८९ पासून, हिडाल्गो यांच्या पद्धतीने, पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्यात बसवू लागले. धातूची पट्टी तिथेही असते, पण नवे हाड जुन्या हाडाशी जुळेपर्यंत ते जागेवर धरून ठेवणे, एवढेच तिचे मुख्य काम.