चहाच्या गाडीतून निरोध

संततिनियमन म्हटलं की आपल्याला र. धों. कर्वे आठवतात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, पुढे त्यापायी प्राध्यापकी गेली, तरी १९२७ ते १९५३, म्हणजे अगदी मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं. विचार पोचला, पण साधनं गावोगाव कशी पोचणार?

मी पडलो कॉम्प्युटरवाला, त्यामुळे मला यातला पुरवठ्याचा भागच जास्त भावतो. १९६८ साली भारत सरकारने 'निरोध' बाजारात आणला, १५ पैशांना तीन. वरचा खर्च सरकारचा. गंमत म्हणजे वितरणाची नवी यंत्रणा उभारलीच नाही! ज्यांचा माल आधीपासून खेड्यापाड्यांत जात होता, त्यांनाच हाताशी धरलं: ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, युनियन कार्बाइड. चहा, साबण आणि बॅटरीच्या सेलबरोबर निरोधही किराणा दुकानात जाऊन बसला. १९६९पासून तो केरळात हिंदुस्थान लॅटेक्सच्या कारखान्यात बनूही लागला.

पण दुकानात मिळतो म्हणजे घरात वापरला जातो, असं थोडंच आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली दिसते. कंडोम वापरणारी जोडपी १० टक्क्यांहून कमी, आणि पुरुष नसबंदी जेमतेम ०.३ टक्के!

माल पोचवायचं कोडं आधीच्या पिढीने बरंचसं सोडवलं. जबाबदारी कोणी उचलायची, हे मात्र आपण पुरुषांनीच ठरवायला हवं.