बेस रानी

बेस रानी : भारतीय इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील एक महत्त्वाचा अल्बम (२०१५). ‘न्यूक्लिया’ या नावाने ओळखले जाणारे संगीतनिर्माते उद्यन सागर यांनी तो तयार केला. त्याआधी ते अहमदाबादेत सुरू झालेल्या ‘बंदिश प्रोजेक्ट’ या गटाच्या संस्थापकांपैकी एक होते. ‘कूचा मॉन्स्टर’ (२०१३) हा त्यांचा आधीचा संग्रह.

डबस्टेप आणि ट्रॅप या शैलींतील जड खर्ज, रस्त्यावरच्या वरातीचे ठेके, पंजाबी लोकगीत व मुंबईचे रॅप यांचा मेळ येथे आढळतो. पाहुण्या गायकांमुळे प्रत्येक गाण्याचा बाज बदलतो : ‘जंगल राजा’मध्ये मुंबईचा रॅपर डिव्हाइन, ‘हीर’मध्ये श्रुती पाठक, तर ‘लौंग गवाचा’मध्ये अवनीत खुर्मी यांचा आवाज आहे.

मुंबईतील गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत हा अल्बम लोकांसमोर आला आणि तो विनामूल्य उपलब्ध होता. मुंबईत विसर्जनाच्या वाद्यांवर सामूहिक नाच ही जुनी रीत आहे. क्लबपुरत्या मर्यादित समजल्या जाणाऱ्या संगीताला त्या रस्त्यावरच्या श्रोत्यांपर्यंत नेणे, हे या अल्बमचे मोठे यश होय.