दुर्बिणीचं ऑपरेशन आणि मागे सरलेली अफू

दुर्बिणीतून गर्भपिशवी काढलेल्या बाईला आज अनेक ठिकाणी मॉर्फिनसारखं औषध जेमतेम लागतं, कधी लागतही नाही, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ती घरी जाते. तिला दुखणं सोसायला लावून हे साधलेलं नाही. दुखण्याआधीच उपाय सुरू करायचा आणि सगळा भार एका औषधावर न टाकता तीन-चार उपाय मिळून करायचे, या पद्धतीमुळे ते साधलं. या पद्धतीचं कूळ सांगायला हवं, कारण तिचा अर्धा भाग विसरला तर हाल बाईचे होतात.

अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं ते जर्मनीतल्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुणाने, १८०४-०५च्या सुमारास. पुढे ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर तेच हुकमी औषध ठरलं. पोट वीतभर चिरलेलं असे, तेव्हा त्यावाचून भागतही नसे. मात्र मळमळ, उलट्या, खाज, गुंगी, बद्धकोष्ठ हे सगळं त्याच्याबरोबर यायचं, आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावायचा.

पोटावरची चीर लहान करण्यात पुढाकार स्त्रीरोगतज्ज्ञांचा होता. पॅरिसचे राउल पामर, इंग्लंडचे पॅट्रिक स्टेप्टो (पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या जन्मामागचे तेच), कील शहरातले कुर्ट झेम. झेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा जर्मनीतल्या शल्यचिकित्सकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. १९८८मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भपिशवी काढली. वीतभर चिरेच्या जागी बोटाच्या पेराहूनही लहान अशी तीन-चार भोकं आली.

चीर आखडली, तरी औषधाची चिठ्ठी बराच काळ जुनीच राहिली. शिवाय या ऑपरेशनचं दुखणं निराळं असतं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल ताणलं जातं, चुरचुरतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोचतात. म्हणून दुसऱ्या दिवशी बाई सिस्टरला विचारते, ‘‘ऑपरेशन पोटाचं झालं, मग खांदा का हो ठणकतोय?’’ त्यावर मॉर्फिन वाढवत नेणं हा खरा इलाज नव्हे. वायूचा दाब कमी ठेवायचा आणि टाके घालण्याआधी उरलेला वायू नीट बाहेर काढायचा, हा आहे. दुखण्याचं मूळ पाहून उपाय करायचा, हे या सगळ्या पद्धतीचं सार.

तिला शास्त्राची बैठक दिली डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी. १९९३ साली केलेट आणि यॉर्गेन डाल यांनी मांडलं की वेदना अनेक वाटांनी येते, तेव्हा औषधंही वेगवेगळ्या वाटांवर काम करणारी हवीत. पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी आयब्युप्रोफेनसारखी गोळी, जखमेपाशी बधिर करणारं इंजेक्शन. प्रत्येकाची मात्रा बेताची, म्हणून त्रासही बेताचा. केलेट यांचा रोख नुसत्या वेदनेवर नव्हता. रुग्ण लवकर उठावा, जेवावा, चालावा, हे त्यांना हवं होतं, आणि यात अफूजन्य औषधं आडवी येत होती. गुंगीतला, उलट्या होणारा माणूस चालणार कसा?

अमेरिकेने मात्र त्याच दशकात उलटी वाट धरली. बोस्टनच्या दोन संशोधकांचं १९८० सालचं जेमतेम पाच वाक्यांचं एक पत्र ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं. ते रुग्णालयात दाखल असलेल्यांविषयी होतं, घरी महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्यांविषयी नव्हतं. १९९६मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य औषध बाजारात आलं आणि पुढच्या वर्षांत लाखो माणसं या औषधांपायी गेली. ऑपरेशननंतर न संपलेल्या गोळ्या घराघरांत पडून राहतात, हेही तेव्हा ध्यानात आलं. केलेट यांच्या विचाराची निकड तिथे या आपत्तीने पटवली. २०१८मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो रीतसर उचलून धरला.

भारतात अडचण वेगळी आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे कर्करोगाच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळेनासं झालं, आणि २०१४ साली त्यात दुरुस्ती करावी लागली. म्हणून अमेरिकेतली भीती जशीच्या तशी इथे आणू नये. बायकांचं दुखणं ‘होतंच थोडंफार’ म्हणून उडवून लावायची सवय आपल्याकडे आधीच आहे. अफू कमी करा याचा अर्थ उपचार कमी करा असा घेतला गेला, तर ही पद्धत उलटी वापरली असं मी म्हणेन. बाकीचे उपाय करूनही दुखत असेल, तर थोडं अफूजन्य औषध द्यायलाच हवं. केलेट यांनीही ते वर्ज्य केलं नव्हतं.

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना भेटा. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, दमा असेल तर सांगा, कारण सूज उतरवणाऱ्या गोळ्या तेव्हा चालतीलच असं नाही. गोळ्या दुखल्यावर घ्यायच्या की ठरल्या वेळी, आणि रात्री दोन वाजता असह्य झालं तर काय द्यायचं, हे विचारा आणि लिहून घ्या.