कर्नलमधील कुलपे : प्रवेशापूर्वी

एखादी फाइल एका डिरेक्टरीतून दुसऱ्या डिरेक्टरीत हलवायची आहे असे समजा. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे एकच काम. कर्नलला मात्र जुनी नोंद काढावी लागते आणि नवी घालावी लागते. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्या प्रोसेसरने डोकावले, तर त्याला ती फाइल दोन्हीकडे दिसेल किंवा कुठेच दिसणार नाही. म्हणून लिनक्स दोन्ही डिरेक्टऱ्यांना कुलूप घालतो, आणि तिथेच दुसरा पेच उभा राहतो. 'अ'मधून 'ब'कडे नेणाऱ्याने 'अ' अडवली, 'ब'मधून 'अ'कडे आणणाऱ्याने 'ब' अडवली, की दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबतात. हे टाळण्यासाठी लिनक्समध्ये प्रत्येक फाइल सिस्टिममागे, केवळ अशा हलवाहलवीसाठी, एक वेगळा म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच प्रवेश देणारे कुलूप, आहे. आधी तो घ्यायचा, मग डिरेक्टऱ्यांची कुलपे ठरलेल्या क्रमाने. या विषयात नव्याने येणाऱ्याला मी नेहमी हेच उदाहरण आधी दाखवतो, कारण पुढचे बहुतेक प्रश्न त्यात बीजरूपाने आहेत.

प्रश्न जुनाच आहे. एकाच सामायिक जागेत एका वेळी एकच जण असावा, याचे काटेकोर उत्तर एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५मध्ये मांडले. सेमाफोरची कल्पनाही त्यांचीच. सेमाफोर म्हणजे एक मोजणी : आकडा शिल्लक असेल तर आत या, नसेल तर झोपा. आकडा १ ठेवला की एकालाच प्रवेश. लिनक्सला अनेक प्रोसेसर वापरता येऊ लागले ते २.० या आवृत्तीपासून, १९९६मध्ये. तेव्हा जवळजवळ सगळ्या कर्नलवर एकच मोठे कुलूप होते. त्याचे तुकडे पाडत पाडत ते पूर्ण हद्दपार व्हायला २०११ उजाडले. जिथे झोपून वाट पाहणे चालते अशा ठिकाणी मधली बरीच वर्षे सेमाफोरच वापरले गेले. मग २००६मध्ये, २.६.१६ या आवृत्तीत, इंगो मोल्नार यांचा म्युटेक्स आला.

एकाला प्रवेश देणारा सेमाफोर हाताशी असताना नवे साधन कशाला, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर हाच या पुस्तकाचा कणा आहे. आत किती जण आहेत हे सेमाफोरला कळते, कोण आहे हे कळत नाही. म्युटेक्सला मालक असतो. ज्याने घेतला त्यानेच सोडायचा. हातात असताना पुन्हा मागायचा नाही. धरून ठेवून टास्क संपवायचा नाही. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये तर तो वापरायचाच नाही, कारण तिथे झोपता येत नाही. तिथले काम न झोपता घुटमळत वाट पाहणाऱ्या स्पिनलॉकचे. नवख्याला ही बंधने जाचक वाटतात. माझ्या मते म्युटेक्सची सगळी कमाई त्या बंधनांतूनच आलेली आहे.

वेगाचेच पाहा. म्युटेक्स मोकळा असेल तर तो घेणे म्हणजे मालकाच्या रकान्यात आपल्या टास्कचा पत्ता एका अविभाज्य सूचनेने लिहिणे, एवढेच. (त्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट एरवी रिकामेच असतात, आज त्यांत 'मागे कोणी थांबले आहे' अशा खुणा ठेवल्या जातात. कर्नल लिहिणाऱ्यांची काटकसर अशी.) मोकळा नसेल तर झोपावे का? झोपणे आणि पुन्हा उठणे महाग असते. २००९पासून लिनक्स आधी एक चौकशी करतो : मालक या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर चालू आहे का? असेल तर तो लवकरच सोडेल, असे धरून थोडे घुटमळायचे. तोच झोपला असेल तर आपणही झोपायचे. मालक कोण हे ठाऊक नसते तर ही चौकशी करता आली नसती.

मालक कळण्याचे मोल पृथ्वीबाहेरही दिसले. मार्स पाथफाइंडर हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. हवामानाची माहिती गोळा करणारा कमी प्राधान्याचा टास्क कुलूप धरून असायचा, मधल्या प्राधान्याचे टास्क त्याला प्रोसेसर मिळू देत नसत आणि वरच्या प्राधान्याचा टास्क त्याच कुलपापाशी खोळंबायचा. काम वेळेत झाले नाही हे पाहून देखरेख यंत्रणा सगळेच नव्याने सुरू करायची. उपाय व्हीएक्सवर्क्समध्ये आधीपासून होता, पण त्या कुलपासाठी बंद ठेवलेला होता : वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तेवढ्यापुरते मालकाला द्यायचे. पृथ्वीवरून तो सुरू करण्यात आला. लिनक्सच्या साध्या म्युटेक्समध्ये ही सोय नाही. ती आरटी-म्युटेक्समध्ये आहे, आणि २०२४च्या ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये सामावलेल्या रिअल-टाइम बांधणीत साधे म्युटेक्सही त्याच पायावर उभे राहतात.

'इथे कोणते कुलूप लावू?' असे विद्यार्थी विचारतात. त्याआधी विचारायला हवे की कोणती माहिती राखायची आहे आणि तिला कोण कोण हात लावते. एकच आकडा वाढवायचा असेल तर अविभाज्य सूचना पुरते, कुलूप लागतच नाही. चार रकाने एकमेकांशी जुळलेले राहायला हवेत, तेव्हा म्युटेक्सचा विचार करावा, आणि कोणता म्युटेक्स कोणते रकाने राखतो हे त्या स्ट्रक्चरमध्येच टिपून ठेवावे.

वाचकाला सी भाषा येते आणि पॉइंटरची भीती गेली आहे, एवढेच मी गृहीत धरले आहे. म्युटेक्सचा मूळ कोड हजारेक ओळींचा आहे. पहिल्या वाचनात घुटमळणाऱ्यांच्या रांगेचा भाग खुशाल सोडावा. क्यूएमू या आभासी यंत्रावर, लॉकडेप (कुलपांचा क्रम तपासणारी कर्नलची यंत्रणा) चालू ठेवून, एक कर्नल बांधून घ्या. एका मॉड्यूलमध्ये दोन म्युटेक्स एकदा एका क्रमाने आणि एकदा उलट क्रमाने घ्या, तेही एकाच थ्रेडमधून, म्हणजे प्रत्यक्ष कोंडी होणारच नाही. तरीही लॉकडेप तक्रार करील. त्या तक्रारीची प्रत समोर ठेवून पहिले प्रकरण उघडावे.