रक्ताची साक्ष

न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते. रक्ताची साक्ष मात्र पुष्कळ काळ उलटतपासणीवाचूनच मानली गेली. वासरमान कसोटीचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. म्हणून आम्ही तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

उपदंश, म्हणजे लोकभाषेतील गरमी, या रोगाचे जंतू शाउडिन व हॉफमान यांनी १९०५ साली शोधून काढले. परंतु ते प्रयोगशाळेत वाढविता येईनात. शिवाय रोग वर्षानुवर्षे शरीरात दबा धरून बसे. मग त्याचा माग काढावयाचा कसा? १९०६ साली जर्मनीत वासरमान, नायसर व ब्रुक यांनी बॉर्दे व झांगू यांची १९०१ सालची युक्ती उपयोगात आणली. जंतूचे द्रव्य व त्याविरुद्धचे प्रतिपिंड यांची गाठ पडली की रक्तलसीतील 'पूरक' नावाचा घटक खर्ची पडतो. तो उरला की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मागाहून मेंढीच्या तांबड्या पेशी, त्यांच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांसह, नळीत घालावयाच्या. पूरक शिल्लक असेल तर पेशी फुटून द्रव लाल होतो. नसेल तर पेशी तळाशी बसतात, आणि रोग आहे असे समजावयाचे.

जंतूचे द्रव्य म्हणून या रोगाने दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क घेत. परंतु १९०७ सालीच लँडस्टायनर प्रभृतींना दिसून आले की, निरोगी प्राण्याच्या हृदयाचा मद्यार्कात काढलेला अर्कही तेच काम करतो! म्हणजे ही कसोटी जंतूची ओळख पटवीत नव्हती. निरोगी शरीरातही असणाऱ्या एका स्निग्ध द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे ती दाखवीत होती. मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ साली बैलाच्या हृदयातून ते द्रव्य वेगळे केले. तेच कार्डिओलिपिन.

अशी प्रतिपिंडे हिवतापात, कुष्ठरोगात, क्वचित गरोदरपणीही आढळतात. शास्त्रज्ञ हा घोळ निस्तरीत असताना समाज मात्र निकाल देऊन मोकळा झाला होता. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९३५ साली विवाहापूर्वी रक्ततपासणी सक्तीची केली; इतर राज्ये मागोमाग आली. १९४९ साली नेल्सन व मेयर यांनी जिवंत जंतूंची हालचाल रक्तलसीने थांबते की नाही हे पाहणारी कसोटी काढली, तेव्हा कळले की शिक्का बसलेल्यांपैकी कित्येकांना हा रोग कधी झालाच नव्हता. त्यांच्या मोडलेल्या सोयरिकींची भरपाई कोणी करावयाची?

यावरून कसोटी टाकाऊ ठरत नाही. कार्डिओलिपिनवर आधारलेली व्हीडीआरएल तपासणी आजही गरोदर स्त्रियांच्या पोटातील बाळांना वाचविते. मात्र तिचा होकार हा संशय समजून जंतूविशिष्ट कसोटीने त्याची खातरजमा करतात. नळीतील साक्ष रोगाविषयी असते, शीलाविषयी नव्हे. एवढे भान वैद्याने आणि समाजाने राखले पाहिजे, असे आम्हांस वाटते.